दादासाठी न्हाणी

आमच्या कर्जतच्या घराला न्हाणी अशी नव्हतीच. मागच्या अंगणात विहीर होती आणि विहिरीला लागून एक मोठी फरशी. पुरुषमाणसं त्या फरशीवर उघड्यावरच अंघोळ करत. आम्हा बायकांसाठी कडेला कारवीच्या कुडाचा आडोसा होता, पण त्याला छप्पर नव्हतं. पावसाळ्यात आपण अंघोळ करतोय की नुसत्याच भिजतोय, ते कळत नसे. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

जपान-जर्मनीशी लढाई ऐन भरात असताना बाबांनी एकाएकी ठरवलं की विटांची, वर कौलं असलेली, भिंतीत नळ असलेली न्हाणी बांधायची. स्टेशनजवळ आमची लाकडाची वखार होती. लोकांना वाटलं, लढाईच्या मागणीमुळे वखारीला बरकत आली. खरं कारण घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता, आणि त्याचा उजवा हात गेला होता.

दादा फौजेत गेला तो बाबांशी भांडून. त्याला वखारीत बसायचं नव्हतं. बाबा तसे शांत, पण त्या दिवशी ओटीवर उभं राहून म्हणाले, "जायचं तर जा. तुझ्या हातांवाचून वखारीचं काही अडलेलं नाही." रागाच्या भरात कुठलाही बाप बोलेल असं ते वाक्य होतं. दादा गेला, पुढे आसामच्या बाजूला लढाईवर गेला, आणि ते वाक्य आमच्या घरात तसंच उभं राहिलं.

तो पुण्याला आणलाय असं कळलं तेव्हा बाबा एकटेच जाऊन त्याला भेटून आले. दुसऱ्या दिवशी घरी आले ते थेट विहिरीवर गेले आणि बराच वेळ पाय धुत राहिले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा म्हणाले, "बोलतोय, हसतोय. उजवा हात गेला." आईने तांब्या खाली ठेवला. हात कुठून गेला, किती राहिला, हे तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे कळलं की बाबांनाही ते माहीत नव्हतं. दादा अंगावर चादर ओढून पडला होता, आणि ती चादर बाजूला करायचं धैर्य त्यांना झालं नव्हतं. पुन्हा भेटायला येऊ नका, बरा होऊन मीच येईन, असंही त्याने बजावलं होतं. ते पुढे एकदा आईला म्हणाले, येताना गाडी खंडाळ्याचा घाट उतरत होती तेव्हा मनात एवढंच येत होतं की हा आता अंघोळ कशी करणार, धोतर कसं पिळणार. बाकीच्या गोष्टींचा विचार करवत नव्हता, म्हणून त्यांनी न्हाणीचा विचार धरला.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मराठी शाळा संपली होती, लग्नाची बोलणी दादा येईपर्यंत थांबवली होती. माझा काही अपराध नव्हता, हे मलाही कळत होतं. तरी भाकरी थापताना, वेणी घालताना, विहिरीचा रहाट ओढताना माझे दोन्ही हात मला दिसायचे आणि कुणीतरी बघत असावं तसं लाजल्यासारखं व्हायचं. आई तर दादाच्या आवडीचं काही करायचीच थांबली होती. त्याच्या पाठी आपण गोड खातोय यातही तिला अपराध वाटे.

गवंडी जवळच्याच एका खेड्यातला होता. पाया भरून झाल्यावर तो बाबांना म्हणाला, "शेट, भित वर चढायच्या आदी काय कुटं पायजे ते सांगा. मागनं खिळं ठोकलं का चुना सुटतो. मंग माज्या नावानं बोंब नको." त्याचं म्हणणं बरोबर होतं. भिंतीत नळ, खुंट्या, कोनाडे, जे काय हवं त्याच्या जागा आधीच ठरवायला हव्या होत्या. खुंटीच्या जागी विटांच्या मध्ये सागाच्या गुल्ल्या, म्हणजे लहान ठोकळे, बसवायच्या आणि पुढे त्यांत खुंटी ठोकायची, म्हणजे ती माणसाचा भार घेते. पण एका हाताच्या माणसाला भिंतीत काय काय लागतं? बाबांना ते सांगता येईना. त्यांनी गवंड्याला थांबवून ठेवलं.

माथेरानच्या एका बंगल्यात वखारीतून लाकूड जायचं. तिथला राखणदार बाबांच्या ओळखीचा होता. बंगल्याचे मालक मुंबईला असत. बाबा मला म्हणाले, चल, मोठ्या लोकांच्या न्हाणीघरात काय असतं ते तरी बघून येऊ. आम्ही नेरळला उतरलो आणि चढण चढून वर गेलो. घोड्यावरून कुणी हसत-खिदळत खाली येताना दिसलं की बाबा मान खाली घालून बाजूला उभे राहत.

बंगल्यातलं न्हाणीघर आमच्या माजघराएवढं होतं. पांढरी फरशी, भिंतीत आरसा, पितळी नळ, साबणासाठी भिंतीतच केलेली वाटी. एका बाजूला कमरेइतक्या उंचीवर लोखंडाची जाड दांडी बसवली होती. ती कशाला, असं मी विचारलं. राखणदार म्हणाला, मालकांचे गुडघे गेलेत, उठता-बसता ते ती धरतात. बसवायच्या वेळी स्वतः इथे उभं राहून त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. हे आम्ही दोघांनी नीट ऐकलं. बाबांनी दांडीची जाडी बोटांनी बघितली, मी उंची वितीने मोजली. ‘स्वतः उभं राहून’ हे शब्द मात्र आमच्या दोघांच्याही कानांवरून नुसतेच निसटून गेले. मागच्या पडवीत जुना नळ आणि थोडी पाइप पडली होती. राखणदाराने मालकांना विचारून ती पुढे आमच्याकडे घोड्यावरून खाली पाठवून दिली. त्या दिवसांत लोखंड मिळणं मुश्कील होतं, म्हणून बाबांना तेवढ्याचाही आनंद झाला.

मग मी एक गोष्ट केली. आई देवळात गेली की मी कुडाच्या आडोशात जायची, जुन्या लुगड्याच्या काठाने उजवा हात खांद्यापासून पाठीला बांधून घ्यायची आणि डाव्या हाताने अंघोळ करायची. काय अडतं ते मला बघायचं होतं. तांब्या अंगावर घेता येतो. साबण हातातून निसटला की तो सापडेपर्यंत डोळे चुरचुरतात. ओलं लुगडं पिळता येत नाही. पायाखाली धरून पिळायला गेलं की तोल जातो. आणि एक गोष्ट तर मला कधी सुचलीच नसती. एका हाताने सगळं अंग चोळता येतं, फक्त तो हात चोळता येत नाही. त्याला चोळणारा दुसरा हात नसतो.

हे कळलं तेव्हा मी तिथेच फरशीवर बसून रडले.

आईने मला एकदा तसं बघितलं. ती ओरडली नाही. जवळ येऊन तिने गाठ सोडली, माझा दंड चोळला आणि म्हणाली, "असली नक्कल करू नये गं. वास्तू तथास्तु म्हणत असते." मग तिने विचारलं, "फार कठीण जातं का?" मी मान हलवली. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

माझ्या त्या अंघोळींवरून भिंत ठरली. मी सांगत गेले आणि बाबा चढत्या विटांवर कोळशाने खुणा करत गेले. सगळं डाव्या भिंतीला. नळ डावीकडे, कारण उजवीकडे वळून तो सोडता येणार नाही. साबणाचा कोनाडा डावीकडे, त्याला पुढे लहान काठ, म्हणजे साबण घसरायचा नाही. बसून अंघोळ करायला दगडाची बैठक, डाव्या भिंतीला चिकटून. कपडा अडकवून पिळायला लोखंडी आकडा. दोन खुंट्या. आणि छातीच्या उंचीवर फळीला खिळे मारून बसवलेली काथ्याची गादी, तिच्यावर तो डावा हात घासू शकेल. भिंतीबाहेर चौथरा करून पाण्याचं पिंप ठेवलं, शेजारी तांब्याचा बंब. त्या दोन्हींमधून भिंतीत पाइप आत आणली, म्हणजे कढत पाण्याची बादली उचलायला नको. उजव्या भिंतीवर काहीच नव्हतं. गवंड्याने विचारलं, "ही भित मोकळीच ठेवायची?" बाबा म्हणाले, "मोकळीच." त्याने ती छान गुळगुळीत गिलावा करून दिली.

दादा आला तो वैशाखात. आम्ही तिघं स्टेशनवर गेलो होतो. तो ढगळ, लांब बाह्यांचा सदरा घालून उतरला, उजवी बाही खिशात खोचलेली. आईने त्याला जवळ घेतलं तेव्हा तिने डावीकडूनच घेतलं. बाबांनी त्याची ट्रंक उचलली. तो पुष्कळ हसला, शेजाऱ्यांची चौकशी केली, माझी वेणी ओढली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "प्रवासाचा शीण आलाय. अंघोळ करून घे. तुझ्यासाठी न्हाणी केलीय."

तो आत गेला. पाण्याचा आवाज बराच उशिरा आला. बाहेर आला तेव्हा तो म्हणाला, "छान केलीय." बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पंचा खांद्यावर टाकून नदीवर गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. आईने विचारलं तर म्हणाला, उन्हाळा आहे, उल्हास नदीसारखं सुख नाही. बंब तापवून ठेवलेला असायचा, त्यातलं पाणी शेवटी मीच वापरायची. ज्याच्यासाठी केली तो नदीवर, आणि दोन धडधाकट हातांची मी त्याच्या नळाखाली. बाबा न्हाणीच्या दाराकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्यांना वाटत होतं, मुलगा बापाला माफ करत नाहीये.

एक दिवस मी धुणं घेऊन मुद्दाम नदीवर गेले. बायकांच्या घाटापासून जरा वर, खडकांच्या आड, दादा होता. उघडा होता. त्याचा हात मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. हात कोपराच्या खाली, चार बोटांवर संपत होता. कोपर होता. त्याने ओल्या धोतराचं एक टोक त्या कोपरात दाबून धरलं होतं आणि डाव्या हाताने पीळ देत होता. पाणी झरझर गळत होतं. मी पिळते तसंच, किंबहुना जास्तच घट्ट.

मी तिथेच उभी राहिले. त्याने मला पाहिलं आणि सदऱ्याकडे हात नेला, पण मग सदरा उचलला नाही. म्हणाला, "ये. बघायचंच होतं ना."

मी म्हणाले, "दादा, तुला कोपर आहे."

तो हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. मला सांगावंच लागलं. बाबांनी चादर बाजूला केली नव्हती ते, आम्ही विचारलं नव्हतं ते, मी सबंध हात पाठीला बांधून अंघोळ करायची ते. काथ्याची गादी कशी सुचली तेही. तो खडकावर बसून सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "त्या न्हाणीत गेलो की मला वाटायचं, ही माझ्यासाठी नाहीच. दुसऱ्या कुणासाठी आहे. त्याचं माझ्यापेक्षा जास्त गेलंय. आणि तुम्ही सगळे त्याचीच वाट बघताय."

"रागावलास?"

"नाही गं. पण ती मोकळी भिंत बघवत नाही. तिकडे माझं काहीच नाही असं ती सांगते."

इस्पितळात कोपराने काय काय करायला तो शिकला होता, ते त्याने मला सांगितलं. साबण कोपराच्या खाचेत धरता येतो. बादलीची कडी अडकवून ती उचलता येते. उठताना भार देता येतो. चार महिने त्याने दुसरं काही केलं नव्हतं. आणि आम्ही त्याचे ते चार महिने भिंतीत कुठेच धरले नव्हते. मी माफी मागितली तर म्हणाला, माफी नको, बाबांना घेऊन ये आणि गवंड्याला बोलाव.

बाबांना सांगणं माझ्या वाट्याला आलं. मी वखारीत गेले. ते एका ओंडक्यावर बसले होते. कोपर आहे, एवढं ऐकलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. मुलाचं दुःख आपण फुगवून ठेवलं, ते बघितलं नाही, म्हणून ते रडत होते की थोडा तरी हात शिल्लक आहे म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्याच दिवशी दुपारी दादा न्हाणीत उघड्या अंगाने उभा राहिला. मी दारात होते, आई माझ्यामागे. त्याने बाबांच्या हातात कोळसा दिला आणि म्हणाला, "इकडे दांडी हवी. माझ्या कोपराच्या उंचीवर. धरून बघा, म्हणजे माप चुकायचं नाही."

बाबांना हात पुढे करवेना. दादा थांबून राहिला. त्याने घाई केली नाही, मदतही केली नाही. शेवटी बाबांनी तो कोपर हातात घेतला, आधी बोटांनी, मग पंजाने पुरा. कातडी जिथे जोडली होती तिथे त्यांचा अंगठा थांबला. मग तो कोपर भिंतीला टेकवून त्यांनी कोळशाची रेघ ओढली. ती वाकडी आली.

"मी तुला बोललो होतो," बाबा म्हणाले. "ओटीवर. हातांवरून."

दादा म्हणाला, "मला आठवत नाही."

त्याला आठवत होतं. बाबांनाही कळलं की त्याला आठवतंय. रेघ पुसून त्यांनी पुन्हा कोपर धरला आणि सरळ रेघ काढली.

गवंडी आल्यावर भिंत फोडण्यावरून कुरकुर करत राहिला, "आदीच सांगितला हुता," असं दोनदा म्हणाला, आणि बरोबरच होतं ते. उजव्या भिंतीचा गुळगुळीत गिलावा फुटला. तिथे दांडी आली, एक अरुंद फळी आली, आणि नळ समोरच्या भिंतीवर मधोमध गेला. डावीकडचा आकडा दादाने काढून टाकायला लावला. दगडाची बैठक त्याला नको होती, ती आईने चुलीपुढे बसायला नेली. काथ्याची गादी तेवढी ठेवली. म्हणाला, ही लाखाची आहे, हे त्या इस्पितळातल्या डॉक्टरांनाही सुचलं नव्हतं. त्या बोलण्याने मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण डागडुजी केलेली भिंत नव्या भिंतीसारखी दिसत नाही. जिथे खुंट्या चुकल्या होत्या तिथे चुन्याचे पांढरे ठिपके राहिले, आणि अंघोळीला गेलं की मला आधी तेच दिसायचे. दादाला दिसायचे की नाही, मी विचारलं नाही. तो मात्र त्या न्हाणीत गाणी म्हणायला लागला होता. पावसाळ्यापर्यंत तो वखारीतही जायला लागला. गिऱ्हाईकांशी बोलणं, मोजमाप, सगळं बघू लागला. बाबा त्याच्या शेजारी बसत.

पुढच्या हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. सासर खालापूरच्या बाजूचं. लग्नाच्या आदल्या दिवशी घरात कुजबुज सुरू झाली. लाजाहोमाला नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात, आणि ते भावाचं काम. पण डाव्या हाताने लाह्या कशा घालायच्या? सासरच्यांना चालेल का? मामाच्या मुलाला उभं करावं का? आई आणि मावशी माजघरात हळू आवाजात हे ठरवत होत्या. मला संताप आला. म्हणणार होते, लाह्या दादाच घालेल, नाहीतर मी अंतरपाटाशी उभीच राहणार नाही. तोंडाशी आलं होतं. मग मी उठले आणि वखारीत जाऊन दादाला विचारलं.

तो फळ्या मोजत होता. त्याने हातातली फळी खाली ठेवली. मग म्हणाला, "मामाच्या पोराला घालू दे. सगळी माणसं माझ्या हाताकडे बघत बसतील, तुझ्याकडे कुणी बघणार नाही. मला ते नको."

"मला कुणी बघितलं नाही तरी चालेल."

"मला चालणार नाही," तो म्हणाला. "तू विचारलंस ना?"

मी विचारलं होतं. म्हणून त्याच्या मनासारखं होऊ द्यावं लागलं. होमापाशी मामाच्या मुलाने माझ्या ओंजळीत लाह्या घातल्या. ओंजळ दोन हातांची असते, आणि त्या क्षणी मला ते फार जड गेलं. मी डोळे वर केले नाहीत. दादा मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता, हे मला न बघताही कळत होतं.

मग कानपिळीची वेळ आली. तेही भावाचंच काम, आणि त्याला कुठलाही हात चालतो. दादा पुढे आला, डाव्या हाताने त्याने नवऱ्याचा कान धरला आणि असा पिळला की माझ्या यजमानांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा मंडप हसला. बाबाही हसले. सासरच्या गाडीत बसेपर्यंत यजमान तो कान चोळत होते.